त्रेसष्ट पेले पाणी

महाछाय
रविवार, ६ फेब्रुवारी २००५

ताई,

संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. गमबूट धुऊन खिडकीत उलटे वाळत घातले आणि खोक्यावर कागद ठेवून लिहायला बसलो आहे.

आईच्या डोळ्यांसाठी ज्योतिषीबुवांनी सांगितलेला तोडगा आज पार पडला. हे पत्र आईला मोठ्यानं आणि सावकाश वाचून दाखव. सगळं क्रमानं लिहिलं आहे.

सकाळी सहा दहाच्या बसनं निघालो. मध्ये एकदा बस बदलून नखोन पथोमला पोचलो. तिथला स्तूप फार लांबून दिसतो. रंग भाजलेल्या विटेचा म्हणावा तर थोडा मधाचाही आहे. चपला काढून उजवीकडून फेरा घातला आणि आग्नेय कोपऱ्यावर गेलो. आईचा जन्म मंगळवारचा, आणि मंगळवारची दिशा आग्नेय नि प्राणी सिंह, म्हणून सिंहाच्या खांबापाशी थांबलो. आईचं वय बासष्ट आणि वर एक, असे त्रेसष्ट पेले पाणी सिंहापाशीच्या मूर्तीवर घातलं. दर दहा पेल्यांना आगपेटीची एक काडी बाजूला ठेवत होतो, त्यामुळे मोजणीत चूक नाही.

माझ्या इथल्या आवडत्या जागांत आता ही पहिली. तिच्याखाली जानेवारीत लिहिलेला समुद्र, जिथे मी लाटा अंगावर घेतल्या. त्याखाली होड्यांवरचा बाजार.

"मुलगा परमुलखातल्या मोठ्या स्तूपावर पाणी घालेपर्यंत मी डोळ्याला ऑपरेशनचं पातं लावू देणार नाही," असं आई म्हणाली होती. आता घातलं. तिनं भिऊ नये. मठातल्या नेत्रशिबिराची तारीख कळव.

तुझा भाऊ,
लिन थांत

•

मुडोन
२० फेब्रुवारी

मौंग लिन,

पत्र मिळालं. आईनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी शेजारच्या म्या मावशीला कुंपणावरून हाक मारून बोलावलं. "ऐक ऐक, काड्या बाजूला ठेवून मोजले म्हणे! माझं पोरगं तांदूळसुद्धा मोजून खाईल." मावशी म्हणाल्या, "मग आता काढून घे बाई ते मोतीबिंदू. परवा माझ्या कुत्र्याला नमस्कार केलास तू." दोघी हसल्या. आई तयार झाली आहे. शिबिर २८ मार्चला आहे. नाव घातलं.

हा दुसरा कागद आई मावशींकडे बसली आहे तेवढ्यात लिहिते. तो वाचून फाडून टाक.

मा न्वे यी चार वर्षं तुझ्याच बाजूला काम करून परत आली आहे. मी तिला सहज म्हटलं, आमच्या लिननं नखोन पथोमला सिंहाच्या खांबापाशी पाणी घातलं. ती म्हणाली, "कुठला सिंह? थाय लोकांकडे आपल्यासारखे आठ दिशांना आठ खांब नसतात. त्यांच्या सात वारांच्या मूर्ती एका रांगेत असतात. मंगळवारचा बुद्ध आडवा पहुडलेला असतो, आणि समोर नाणी टाकायला वाडगे."

मी पुन्हा तुझं पत्र काढलं. सुट्टीच्या दिवशी तुझे गमबूट ओले कसे रे? म्हणजे त्या रविवारीसुद्धा तू कारखान्यात कोळंबीच सोलत होतास.

सगळ्यांशी खोटं बोल, माझ्याशीही बोल. पण म्हातारीच्या डोळ्यांवर खोटं पाणी ओतलंस? त्या पाण्याच्या भरवशावर ती पात्याखाली जाणार आहे. काही वाईट झालं तर मी कुणाकडे बघू? खरं काय ते लिही.

क्यी प्या

•

महाछाय
रविवार, ६ मार्च, दुपारी एक पाच

ताई,

तुझा दुसरा कागद चार वेळा वाचून फाडला. तुकडे एका ठिकाणी टाकले नाहीत.

मी गेलो नव्हतो. समुद्रावरही गेलो नव्हतो. होड्यांचा बाजारही पाहिला नाही. दोन वर्षांत मी गेलेली सर्वांत लांबची जागा म्हणजे इथला होड्यांचा धक्का. खोलीपासून आठशे वीस पावलं.

माझं कामाचं कार्ड याच जिल्ह्यापुरतं आहे. जिल्ह्याबाहेर जायचं तर कारखान्याकडून परवान्याचा कागद लागतो आणि तो मागायला कारकुनासमोर उभं राहावं लागतं. कागदाशिवाय पकडलं तर दंड होतो, कधी सीमेपलीकडे सोडून देतात. गेटाबाहेर पडलो की मी आधी कार्ड चाचपतो, दहा पावलांनी पुन्हा चाचपतो.

आई प्रत्येक पत्रात विचारायची, सुट्टीत कुठे जातोस, परमुलखात काय काय बघितलंस. "खोलीवर असतो" असं लिहिलं असतं तर तिनं रडून डोळे आणखी घालवले असते. माझ्या खोलीतला को पौक बर्फाच्या ट्रकवर आहे. त्याचे कागद सगळीकडे चालतात. तो फिरून आला की मी विचारून विचारून लिहून घेतो. पायऱ्या किती विचारलं की तो म्हणतो, "ए मास्तर, मी काय पायऱ्या मोजायला जातो? मी पोरी बघायला जातो!" मग पायऱ्या मी अंदाजानं घालतो. या स्तूपाच्या वेळी तो फाटकाशीच बर्फ उतरवून परतला होता. आतलं सगळं मी आपल्या गावच्या पॅगोड्यावरून लिहिलं. म्हणून सिंह आला.

आईला सांगू नकोस. २८ तारखेला अजून बावीस दिवस आहेत. २० मार्चला रविवारची खरी सुट्टी आहे. त्या दिवशी जाऊन खरोखर पाणी घालीन. मला फार भीती वाटते, पण जाईन.

लिन थांत

•

मुडोन
१४ मार्च

मौंग लिन,

या वेळी तुझं पत्र आठ दिवसांत आलं. हे तुला २० च्या आत मिळावं म्हणून पत्रं नेणाऱ्या ऊ थेननाच दटावलं आहे.

जाऊ नकोस. मी रागात लिहिलं होतं ते मागे घेते. कडेच्या घरातल्या को आय याला मागच्या आठवड्यात तिकडे बसमधून उतरवलं. तो कुठे आहे ते त्याच्या बायकोला अजून माहीत नाही. ती रोज रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बसते. आईला एक डोळा कमी दिसला तर चालेल, पण मुलगा दिसेनासा झाला तर मी काय करू?

दुसरं म्हणजे परदेशी डॉक्टर लवकर परत जाणार म्हणून शिबिर अलीकडे आणलंय. आईचा नंबर परवा, १६ ला आहे. तू २० ला पाणी घातलंस तरी ते आधीचं होणारच नाही. ते खोटं मी माझ्या डोक्यावर घेते. तू खोलीतच राहा. ऐकतोस ना?

क्यी प्या

•

महाछाय
गुरुवार, २४ मार्च, सकाळी सहा दहा

ताई,

कामावर जायला पन्नास मिनिटं आहेत. मी खोलीवर आहे आणि ठीक आहे, हे आधी लिहितो. आता क्रमानं.

रविवारी २० तारखेला पाच पन्नासला निघालो. को पौकनं त्याचा कॉलरचा शर्ट दिला. म्हणाला, "आपली लोंजी नको, पँट घाल. तोंडाला आपल्याकडचा तनाख्याचा लेप फासून निघालास तर मीच पोलिसाला हाक मारीन. आणि बसमध्ये डोळे मिटून पड. झोपलेल्या माणसाला कुणी गाव विचारत नाही." मी डोळे मिटून घेतले, पण कंडक्टर तिकिटाला आला तेव्हा एवढा दचकलो की तोच मागे सरकला.

स्तूप लांबून दिसतो हे खरं निघालं. रंगही मी लिहिला तसाच होता. बाकी काहीच तसं नव्हतं. आग्नेय कोपऱ्यावर एक बाक होता आणि बाकावर एक माणूस फणसाचे गरे खात होता. मा न्वे यीनं सांगितलेलं माहीत असूनही मी दोन पूर्ण फेरे घालून सिंह शोधला. न जाणो.

मग मूर्तींची रांग सापडली. मंगळवारचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला आहे. समोरच्या वाडग्यात पाच बात टाकले आणि पेला भरून उचलला. तेवढ्यात मागून एक फुलं विकणारी म्हातारी थाय भाषेत ओरडली, "ए पोरा! त्यांच्या अंगावर नको! पाण्याच्या सणाला अजून वेळ आहे!"

सगळे बघायला लागले. माझ्या तोंडून थायचा एक शब्द निघेना. घाबरलो की मला आजीची भाषा येते, तसं मोनमध्ये "चुकलं, चुकलं" असं निघालं. म्हातारी जवळ आली. हळूच मोनमध्येच म्हणाली, "कुणाचा रे तू?" ताई, ती इथलीच आहे, पाच पिढ्या इथल्या. पण बोलते अगदी आपल्या आजीसारखी. मी तिला आईचा डोळा, मंगळवार, त्रेसष्ट पेले, सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "सिंह नसला तर अडतंय थोडंच? झाडाच्या मुळाशी घाल. पाणी खाली गेलं की धरणी साक्षीला असते. तिला दोन्हीकडची भाषा येते." पुड्यातली कमळाची कळी आणि उदबत्त्या माझ्या हातात दिल्या. मी पैसे काढायला मोज्यात हात घातला तर हसली. "मोज्यातले नकोत, वास येतो. आईला दिसायला लागलं की आणून दे."

उन्हावरून दिशा काढून झाडाच्या आग्नेयेला बसलो. नळ बारा पावलांवर होता. पेले घालू लागलो. एकेचाळीस झाले की बेचाळीस, अशी शंका आली. काड्या मोजल्या तर एक काडी वाऱ्यानं सरकली होती की मीच ठेवली नव्हती ते कळेना. मला अर्धवट घेऊन परत यायचं नव्हतं. म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं. दुसऱ्या वेळी त्रेसष्ट नक्की झाले. म्हातारी बाजूला बसून माझ्याबरोबर मोजत होती.

त्यात बारा वीसची बस गेली. को पौकनं सांगितलं होतं की दुपारपर्यंत रस्ता मोकळा असतो. मी तीनच्या बसला बसलो. ती वाटेत पोलिसांनी थांबवली.

मी डोळे मिटून पडलो होतो. कुणीतरी खांद्यावर बोट वाजवलं. "झोपलेला माणूस एवढा घट्ट डोळे मिटत नाही. कार्ड." मी दिलं. "महाछायचं कार्ड. इथे काय करत होतास?"

"आईच्या डोळ्यांसाठी पाणी घालायला आलो होतो, साहेब."

"माझ्या आईलाही मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "चल, उतर."

दोन रात्री ठेवलं. मारलं नाही. भात दिला. मंगळवारी कोर्टात हजार बात दंड झाला. ज्या कारकुनासमोर उभं राहायला मी दोन वर्षं घाबरत होतो तोच सोडवायला आला. सही करताना म्हणाला, "मला विचारलं असतंस तर एका दिवसाचा कागद दिला असता. फुकट असतो." परतताना गाडीत त्यानं मला अर्धं केळं दिलं.

खोलीवर आलो तर उशीवर तुझं पत्र होतं. तारीख १४ मार्च. सोमवारी आलं, असं को पौक म्हणाला.

ताई, म्हणजे मी पेले मोजत होतो तेव्हा पातं लागून चार दिवस झाले होते. डोळा कसा आहे? तू पुढे काहीच कळवलेलं नाहीस. चांगलं असतं तर कळवलं असतंस, असं एकदा वाटतं. मग वाटतं, पत्र वाटेत असेल. काल दोनदा सोललेली कोळंबी सालांच्या टोपलीत टाकली. जे असेल ते एका ओळीत लिही, पण लगेच लिही.

लिन थांत

•

मुडोन
२ एप्रिल

मौंग लिन,

एक ओळ: आईला दिसतं.

उजव्या डोळ्याची पट्टी १७ ला सुटली. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू एवढी वाळलीस कधी?" नंतर मावशींच्या कुत्र्याकडे बघून, "शी! हा एवढा घाण होता होय!" मी त्याच दिवशी तुला लिहिणार होते. पण डॉक्टरांनी मान खाली घालू नये म्हणून सांगितलेलं, आई ऐकायची नाही, तिच्यावर चोवीस तास पहारा. त्यात तुझं पत्र येऊन पडलं आणि मी आधी चुलीपाशी बसून रडले. बेचाळीस की एकेचाळीस! मोजणी सोडून देऊन बस पकडायची ना रे, मूर्खा! पण तू सोडणार नाहीस, हेही मला माहीत आहे.

आता खरी गोष्ट. १६ ला सकाळी मठात जाताना सायकलरिक्षात माझ्याच्यानं राहवेना. आत नेण्याआधी तिला सांगून टाकलं की लिन गेलाच नव्हता, पाणी पडलेलंच नाही, तुला परत फिरायचं तर फिरू. रिक्षावाल्यानं पाय थांबवले. आई त्याला म्हणाली, "तू चालव रे."

मग मला म्हणाली, "मला ठाऊक आहे. सिंहाचं नाही कळलं, मी कुठे गेले आहे तिकडे. मला त्या समुद्राच्या पत्रालाच कळलं होतं. जो गावच्या तळ्यात घोट्यावर कधी उतरला नाही तो लाटा अंगावर घेतो म्हणे!"

मी विचारलं, "मग कबूल कशाला झालीस?"

म्हणाली, "भीती वाटत होती गं मला. तोडगा म्हणजे दिवस ढकलायचं निमित्त. तो एवढ्या लांब जाणार नाही, मग मलाही जावं लागणार नाही. आणि त्याचं पत्र आलं. माझ्या भित्र्या पोराला माझ्यापायी एवढं मोठं खोटं लिहावं लागलं. त्यापेक्षा पातं बरं."

परवा तुझं शेवटचं पत्र तिला दिलं. म्हटलं, वाचून दाखवू? म्हणाली, "नको, आण इकडे." अक्षरं जुळवत जुळवत दोन दिवस वाचत होती. मध्येच म्हणाली, "केवढी सरळ अक्षरं काढतो. मास्तर येणार म्हणून पोरं उभी राहतात तशी." पकडल्याचा भाग आला तेव्हा पदरानं तोंड पुसलं, डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून.

मी म्हटलं, पाणी बिचाऱ्याचं चार दिवस उशिरा पडलं. तर लगेच म्हणाली, "उशिरा कसं? डावा डोळा राहिलाय की! ते त्याचं."

आता निमित्त काढत नाही. नोव्हेंबरात शिबिर पुन्हा येईल तेव्हा डाव्यासाठी जाणार आहे. तुला तिचा निरोप: यापुढे को पौकच्या जागा नकोत. तुझ्या लिही. खोली असली तर खोली लिही. आणि पत्र तिच्या नावानं घाल, मी मध्ये नको.

क्यी प्या

•

महाछाय
रविवार, १० एप्रिल २००५

आई,

सकाळचे नऊ वाजून पंधरा मिनिटं झाली आहेत. आज खरी सुट्टी आहे. गमबूट कोरडे आहेत. ते खिडकीतून काढून तिथे मी बसलो आहे. अक्षरं थोडी मोठी काढतो आहे. दमलीस तर इथे थांब आणि उद्या पुढचं वाच.

तू विचारलंस म्हणून माझ्या जागा लिहितो.

पहिली ही खिडकी. हिच्यातून दोन पत्र्यांच्या मधून नदीचा हाताएवढा तुकडा दिसतो. मासेमारीची होडी जाते तेव्हा आधी डोलकाठी येते, मग बराच वेळ काही नाही, मग वाळत घातलेले कपडे येतात. कपड्यांवरून आत किती माणसं असतील ते मी ठरवतो.

दुसरी जागा धक्क्यावरचा तिसरा बाक. पहिल्या दोन बाकांवर उन्हं येतात. तिथे आपल्याकडची एक बाई डोक्यावरून मोहिंग्याच्या शेवया आणि माशाचा रस्सा आणते. मी काही मागण्याआधीच ती म्हणते, "कांदा वेगळा, मिरची वेगळी, माहितेय!" समोरच्या काठावर जाणारी होडी तीन बात घेते. मी दोन वर्षं तिच्याकडे बघत होतो. पलीकडचा काठ याच जिल्ह्यात येतो, कार्ड चालतं, हे मला कोठडीत आपल्याकडच्या, दावेईच्या एका माणसानं सांगितलं. मागच्या रविवारी गेलो. उतरलो नाही, त्याच होडीनं परत आलो. आज उतरेन. तिकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही. म्हणून लिहीत नाही.

तिसरी जागा ते झाड. तिथे मी एकदाच गेलो आहे, पण ती धरतो.

आई, तिथे म्हातारीनं विचारलं होतं, पाणी घालताना काय मागितलंस? मी सांगितलं की मोजण्याच्या नादात मागायचंच राहून गेलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वेळी." हे मी ताईला लिहिलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून.

काल कारकुनासमोर उभा राहिलो. तो म्हणाला, "आता काय?" मी परवान्याचा कागद मागितला. त्यानं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, आईच्या डाव्या डोळ्यासाठी. त्यानं वहीत नाव घातलं. ऑक्टोबरातला रविवार मिळाला आहे.

त्या दिवसाचा हिशेब ताईला द्यायचा राहिला होता, तो तुलाच देतो.

खर्च:
जाताना बस, दोन मिळून ३५ बात
मंगळवारच्या वाडग्यात ५ बात
भात आणि अंडं २० बात
येताना बस १९ बात (पुढचा प्रवास पोलिसांच्या गाडीतून, त्याचे पैसे पडले नाहीत)
एकूण ७९ बात

देणं:
कारखान्यानं भरलेला दंड १००० बात. पैकी मार्चच्या पगारातून २५० फिटले, बाकी ७५०.
को पौकच्या शर्टाचं एक बटण. तो म्हणतो नवा शर्ट घे, मी म्हणतो बटण. अजून ठरलेलं नाही.
फुलवाल्या आजीचे, एक कमळाची कळी आणि उदबत्त्या, २० बात. आईला दिसायला लागल्यावर. हातात नेऊन द्यायचे आहेत.

तुझा,
लिन थांत